अध्यक्षांचं डोकं तापलं

जळका वास आला तेव्हा रुखमिणीबाईंनी आधी चुलीवरचा भात पाहिला, मग देवापुढची उदबत्ती पाहिली, आणि दोन्ही निर्दोष निघाल्यावर त्या सुनेच्या खोलीत आल्या. डिंपल खाटेवर मांडी घालून बसली होती. समोर बिस्किटांचा काळा पत्र्याचा डबा उघडा पडला होता, त्यातून तारांचा गुंता बाहेर लोंबत होता, आणि तिच्या हातात कागदाची एक अरुंद पट्टी होती. पट्टीवर कोळशाने सारवल्यासारखा काळा पट्टा उमटला होता.

"काय जाळून राहिली वं आता?"

"अक्षर काढून राहिली, आई."

रुखमिणीबाईंनी पट्टी हातात घेऊन नीट निरखली आणि अशी अक्षरं आपण दुधाच्या गंजाच्या बुडाला नेहमीच काढतो, असं सांगून त्या भाताकडे परतल्या.

डिंपलचं माहेर तुमसरचं. तिच्या भावाच्या दुकानात बिल छापणारं एक छोटं मशीन होतं. त्याच्या पोटात उंदराने संसार थाटला आणि आतली पाटी कुरतडून ठेवली. भाऊ ते भंगारात टाकायला निघाला तेव्हा डिंपल तिथेच होती. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, पण लग्नानंतर जवळच्या कोंढा गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवण्यापलीकडे त्या विद्येला काम मिळालं नव्हतं. तिने मशीन मागून घेतलं, घरी आणून उघडलं, आणि पाहते तर छापणारं डोकं अगदी धडधाकट. बोटाएवढी एक पट्टी, तिच्या काठावर डोळ्यांना न दिसणारे तापणारे ठिपके ओळीने बसवलेले. शाई नाही, रिबन नाही. ठिपका तापला की खास कागद तेवढ्या जागी काळा पडतो, एवढाच त्यातला चमत्कार. उंदराने खाल्लं होतं ते या डोक्याला हुकूम देणारं सर्किट. तेव्हा डिंपलने नागपूरहून काडेपेटीएवढा एक मायक्रोकंट्रोलर मागवला आणि उंदराची भरपाई स्वतः करायची ठरवलं.

ते वाटलं तितकं सोपं निघालं नाही. सुरुवातीला कागद कोराच बाहेर यायचा. डोक्याचे सगळे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, पुन्हा पुन्हा तपासून झाल्यावर कळलं की कागदच उलटा घातला होता. मग अक्षरं उमटली, पण ती आरशातल्यासारखी उलटी. तिचा नवरा भुपेंद्र दाढी करताना त्या पट्ट्या आरशासमोर धरून मोठ्याने वाचायचा आणि सगळं बरोबर आहे म्हणायचा. ते निस्तरलं तर ठिपके फार वेळ तापू लागले आणि काळे पट्टे सुरू झाले. रुखमिणीबाईंनी एकदा अशाच एका कोऱ्या कागदावर चहाचा गरम कप ठेवला. कप उचलल्यावर खाली सुरेख काळं वर्तुळ. त्यांनी ते सुनेला आणून दाखवलं आणि हे काम चहा एवढ्या लवकर करतो तर तू एवढे दिवस काय करून राहिली, असं विचारलं.

डिंपल हा उद्योग केवळ हौसेने करत नव्हती. तिचे सासरे मधुकरराव गावच्या तलावाच्या पाणी संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांची निवड एकमताने झाली होती, आणि त्याला कारण होतं. मधुकररावांनी जन्मात कधी बैलावरसुद्धा आवाज चढवला नव्हता. ज्यांना पाणी चोरायचं होतं त्यांनी विचारपूर्वक सगळ्यात मऊ माणूस राखणीला बसवला होता. आता दसरा तोंडावर आला होता, पावसाने पाठ फिरवली होती, उशिरा पिकणारा भारी धान निसवत, लोंब्या धरत आला होता आणि तलावात जेमतेम सगळ्यांना पुरेल एवढंच पाणी होतं. पाळीपाळीने घेतलं तर सगळ्यांचा धान भरणार, आणि ओरबाडलं तर नहरीच्या टोकाची शेतं वाळून जाणार. मधुकरराव पाळी सांगत, सगळे माना डोलावत, आणि घरी जाऊन ज्याला जे सोयीचं ते आठवत.

त्यात लिलाधरची आठवण सगळ्यात सोयीची. त्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नहरीच्या सुरुवातीलाच होती. केव्हाही पाहावं तर त्याने बांध फोडून पाणी घेतलेलं असे, आणि विचारलं की म्हणे, "काकाजी, तुमीच त मले सकारची पाळी सांगतली होती." मधुकरराव विचारात पडत. आपण खरंच तसं म्हणालो असू, असं त्यांना वाटू लागे. हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांचाही प्रयोग झाला होता. त्यात लोकांनी सकाळचं संध्याकाळ केलं होतं. डिंपलचं म्हणणं असं की हाताच्या अक्षराशी भांडता येतं, छापील अक्षराशी कोणी भांडत नाही. बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर, तिच्यावर नाव आणि पाळी. दुसरं बोलणंच नको.

एका संध्याकाळी अखेर सुबक, सुलट, काळीभोर अक्षरं उमटली. सगळ्यात वर संस्थेचं नाव, त्याखाली "अध्यक्ष मधुकरराव", आणि त्याखाली ज्याची पाळी त्याचा मजकूर. मधुकररावांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग संकोचत विचारलं की ते नाव जरा ठसठशीत करता येईल का. डिंपलने ते दुप्पट मोठं केलं.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी ती तिला वाटली नव्हती. छापणारं डोकं फार तापलं तर जळून जातं. म्हणून तिने अशी सोय केली होती की उष्णता हद्दीबाहेर गेली तर मशीनने पाळी न छापता सूचना द्यावी. मशीनला पडदा नव्हता, दिवा नव्हता, म्हणून सूचनाही चिठ्ठीवरच. आपण तापलो हे सांगायला त्या बिचाऱ्याला आणखी तापावं लागणार, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण दुसरा इलाज नव्हता. सूचनेत ती आधी "हेड" लिहिणार होती. पण सगळी चिठ्ठी शुद्ध मराठीत असताना तो एकच इंग्रजी शब्द तिला खटकला.

उद्घाटनाच्या दिवशी तिला क्लास होता. निघताना तिने सासऱ्यांना सगळं समजावलं. बटण दाबायचं, चिठ्ठी फाडायची, समोरच्याला द्यायची, आणि डबा सावलीत ठेवायचा. डबा सावलीत ठेवायचं तिने भुपेंद्रलाही सांगितलं. पण भुपेंद्र रानडुकराने लोळवलेला धान बघायला दुसऱ्या शेताकडे गेला, आणि मधुकररावांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आल्यावर पाहिलं की नारळ फोडायचा तर दगडावर, आणि दगड होता उन्हात. पाणी सोडायच्या तोंडाशी, ज्याला गावात तुडूम म्हणतात, तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर त्यांनी तो काळा डबा सगळ्यांना दिसेल असा मांडला. त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि या मशीनमागची कल्पना काय यावर चार शब्द बोलले. ते शब्द चार राहिले नाहीत. दरम्यान ऑक्टोबरचं ऊन आपलं काम करत होतं.

पहिली चिठ्ठी सुलोचनाबाईंची. त्यांचं शेत नहरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, म्हणून मधुकररावांनी सुरुवात तिथूनच करायची ठरवली होती. चिठ्ठी स्वच्छ आली: आज, सकाळपासून सांजेपर्यंत, सुलोचनाबाई. लोकांनी एकमेकांकडे बघून मिशीत हसून घेतलं. सुलोचनाबाईंपर्यंत पाणी पोहोचतं का कधी? मधे एवढ्या बांध्या होत्या ना. सुलोचनाबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठी कमरेला खोचली आणि काही न बोलता शेताकडे चालू लागल्या.

दुसरा नंबर लिलाधरचा. मधुकररावांनी बटण दाबलं, चिठ्ठी फाडली. उद्घाटनासाठी त्यांनी नवा सदरा घातला होता आणि चष्मा जुन्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता, म्हणून त्यांनी ती वाचली नाही. प्रसन्नपणे पुढे केली. लिलाधरने वाचलं. सगळ्यात वर संस्थेचं नाव. त्याखाली मोठ्या ठसठशीत अक्षरात अध्यक्ष मधुकरराव. आणि त्याखाली: "डोकं तापलं आहे. थोडं थांबा."

लिलाधरने चिठ्ठीकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे पाहिलं. ते हसत होते.

"खरंच का, काकाजी?"

"मशीन खोटं बोलते का, बापा?"

"कवापासून?"

"आजपासून सुरू. आता रोज असंच राहील. भांडण नाही, तंटा नाही, ज्याले जे सांगाचं ते छापून."

लिलाधर दोन पावलं मागे सरकला. आज पहाटेच त्याने आपला बांध फोडून ठेवला होता आणि या घटकेलाही त्याच्या बांधीत पाणी शिरत होतं. हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, असं आतापर्यंत तो समजत होता. तो गर्दीतून हळूच निसटला, नजरेआड झाल्यावर पळत सुटला, आणि शेतात जाऊन त्याने हातांनी चिखल लावून बांध बुजवला. वर एक धोंडाही ठेवला.

इकडे ओट्यावर चिठ्ठ्या निघत होत्या आणि सगळ्यांवर तोच मजकूर होता. ज्याच्या हाती पडे तो ती घडी करून खिशात घाली आणि बाजूला होई. इतकी वर्षं न तापलेला माणूस तापतो तेव्हा त्याला कायकाय कळलेलं असेल, याचा हिशेब प्रत्येकजण आपापल्या मनाशी करू लागला. कोणाला नहरीत लपवलेला पाइप आठवला, कोणाला मोटार. पिंपळाखाली जाऊन सगळे उभे राहिले आणि मग एकेक करून, कोणाला न सांगता, आपापल्या शेताकडे पांगले. मधुकररावांना वाटलं, व्यवस्था म्हणतात ती ही. एक शब्द नाही, एक तक्रार नाही. सुनेच्या बुद्धीचं कौतुक करत त्यांनी डबा काखेत मारला. तो चटका लागण्याइतका गरम होता, पण आनंदात त्यांना ते जाणवलं नाही.

ते घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली. ती आणली रेवताबाईंनी. तलावातली मासळी टोपलीत घेऊन त्या पाळीवरून येत होत्या. पिंपळाखालच्या माणसांना त्यांनी काय झालं विचारलं, तर उत्तर मिळालं की मधुकररावाचं डोकं तापलं. मधुकररावांना राग येतो ही गोष्ट रेवताबाईंनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती, म्हणून त्यांनी त्याचा एकच अर्थ केला. बोडक्या डोक्याने एवढ्या उन्हात उभा राहिला तो माणूस. ऊन लागलं, ताप डोक्यात चढला. टोपली घेऊन त्या तशाच रुखमिणीबाईंच्या दारात गेल्या आणि कांद्याचा रस काढायला लावला.

मधुकरराव गाणं गुणगुणत अंगणात आले. ते एरवी कधी गुणगुणत नसत, त्यामुळे रुखमिणीबाईंची खात्रीच पटली.

"अजी, झोपा पहिले."

"काहून?"

"डोकं तापलं तुमचं."

मधुकररावांनी डोक्याला हात लावून पाहिला. उन्हातून आले होते, डोकं गरम होतंच. त्यांनी आपल्याला बरं आहे म्हणून सांगितलं. त्यावर रेवताबाई म्हणाल्या की ताप चढलेला माणूस असंच म्हणते. बायकोने हाताला धरून खाटेवर निजवलं, कपाळावर ओला पंचा टाकला, तळपायांना कांदा चोळला. थोड्या वेळाने मधुकररावांना खरोखरच जरा गरगरल्यासारखं वाटू लागलं.

मग माणसं येऊ लागली. काही रेवताबाईंकडून ऐकून आलेली. त्यांच्या हातात नारळपाणी, पपई, कोणा वैद्याचा काढा. काही चिठ्ठी घेऊन आलेली. ती दारातच चपला काढून खाली मान घालून उभी राहत. भुपेंद्रला शेतात फोन गेला होता की बाप तापला आहे, घरी जाऊ नको. तो धावत घरी आला, तर ओसरीवर अर्धे लोक आजाऱ्याला भेटायला आलेले आणि अर्धे माफी मागायला. कोण कशासाठी आलं आहे हे त्याला ओळखता येईना. त्याने सगळ्यांनाच पाणी दिलं.

खाटेवर निजलेल्या, कपाळावर पंचा घेतलेल्या, अधूनमधून कण्हणाऱ्या मधुकररावांना पाहून माफीवाल्यांचा उरलासुरला धीर सुटला. एवढा राग की माणूस अंथरुणाला खिळला. लिलाधर खाटेच्या पायथ्याशी बसला. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. पहाटे बांध आपणच फोडला, परवाही आपणच, आणि त्याच्या आधीही बहुतेक वेळा आपणच, असं त्याने आपणहून सांगून टाकलं. मधुकरराव कांद्याच्या वासाने हैराण झाले होते. हा आपल्याला हे सगळं आत्ता का सांगतो आहे ते त्यांना कळेना. ते नुसतं "बरं, बरं" म्हणाले.

"काकाजी, तुमी मले शिव्या द्या," लिलाधर रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण असे गोड बोलू नका."

अशा वेळी डिंपल क्लासहून परतली. अंगणात चपलांचा ढीग पाहून तिला नको ते वाटलं. ती धडपडत ओसरीवर चढली, तर एव्हाना बाहेर येऊन बसलेल्या लिलाधरने वाट अडवून चिठ्ठी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "सूनबाई, तूच सांग यायले. आमी थांबतो म्हणा. जेवढं म्हणतील तेवढं थांबतो."

डिंपलने वाचलं. एकेक अक्षर तिनेच ठिपक्यांनी काढलेलं होतं. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ज्या सासऱ्याने कधी भाजीत मीठ कमी आहे असंही म्हटलं नव्हतं, त्याच्या नावावर तिने हे छापून गावभर वाटलं होतं, आणि तेही ठसठशीत. डबा उचलून विहिरीत टाकावा आणि पाठोपाठ आपणही माहेरची गाडी धरावी, असं तिला वाटलं. पण ती आत गेली, सासूला आणि रेवताबाईंना बाजूला केलं, दार लोटलं आणि खाटेजवळ खाली बसली.

"मामाजी, तापलं ते तुमचं डोकं नोहे. मशीनचं होय."

तिने सगळं सांगितलं. रुखमिणीबाईंनी जुन्या सदऱ्यातून चष्मा काढून दिला. मधुकररावांनी चिठ्ठी वाचली, मग बाहेरच्या कुजबुजीला कान लावला, मग पुन्हा चिठ्ठी वाचली. त्यांचे खांदे हलू लागले. डिंपलला वाटलं, रडत आहेत. मग पंचा कपाळावरून घसरला आणि ते इतके हसले की रुखमिणीबाईंनी बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडावर उशी धरली. गावातला सगळ्यात आज्ञाधारक दिवस त्यांनी एका गरम डब्याच्या जोरावर काढला होता.

पण माणूस सरळ. हसू ओसरलं तसे ते उठून बसले आणि म्हणाले की लोकांना खरं काय ते सांगितलं पाहिजे, बिचारे घाबरले आहेत. त्यांनी दार उघडलं, तर उंबऱ्याशी सुलोचनाबाई. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं. त्यांच्या हातात ना नारळपाणी होतं ना त्यांना कशाची माफी मागायची होती.

"पाणी आलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पुऱ्या नहरीत कोणाचा हात नाही आज. शेवटच्या बांधीत टाचभर उभं आहे. या सालात पयल्यांदा."

सुलोचनाबाईंनी मधुकररावांकडे, ओसरीवरच्या माणसांकडे, त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डोकं तापलं म्हणून ऐकलं. तापलं त तापू द्या. पण एवढ्यात बरे होऊ नका."

मधुकररावांनी ओसरीवर एकवार नजर फिरवली. लिलाधरने मान खाली घातली. अध्यक्ष शांतपणे मागे वळले, खाटेवर जाऊन निजले, आणि पंचा त्यांनी स्वतःच कपाळावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी डिंपलने डब्याला बाहेरून पांढरा चुना दिला आणि वर ओलं पोतं बांधलं. सूचनेत "मशीनचं" हा शब्द घालायला ती बसली होती, तर मधुकरराव म्हणाले की असू दे, शुद्ध मराठी आहे, घाई कशाला. त्यानंतर चिठ्ठ्या नीट निघू लागल्या. नाव, पाळी, वेळ. लोकांनी सुरुवातीला चिठ्ठी हातात घेताना डोळे मिटून घेतले, मग एक डोळा उघडून वाचलं, आणि मग हळूहळू त्यांचा जीव भांड्यात पडला. पाण्याची एक फेरी सुरळीत पार पडली. सुलोचनाबाईंचा धान इतरांच्या बरोबरीने भरत आला.

दुसऱ्या फेरीत लिलाधरने पुन्हा बांध फोडला.

या वेळी मधुकररावांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या आयुष्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. पाळीवर सगळ्यांसमोर त्यांचा आवाज चढला. कान लाल झाले. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी ओढताना तुला लाज कशी वाटत नाही, इथपासून सुरू होऊन ते बरंच काही बोलले, आणि शेवटी तर काठी आपटली. ओट्याजवळ मशीन सांभाळत बसलेली डिंपल घाबरून उभी राहिली. लोक मात्र कौतुकाने बघत राहिले. लिलाधरने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून त्या दिवशीची चिठ्ठी काढली, उलटसुलट पाहिली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला,

"मजाक करून राहिले तुमी, काकाजी. यात त नुसता टाइम लिहून आहे. खरंच तापलं असतं त चिठ्ठी नसती का आली?"

सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि माना डोलावल्या. मधुकररावांनी काठी खाली टेकवली. मग सुनेकडे वळून अगदी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले,

"डिंपल, त्या डब्यावरचं पोतं काढ जरा. घडीभर उनात राहू दे त्याले."